बाइकसाठी आर्मर घेताना: आधी स्वतःची हाडं ओळखा, मग दुकानात जा

आर्मर, म्हणजे पडताना अंग वाचवणारे कप आणि पॅड, घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो ब्रँडचा आणि दुसरा बजेटचा. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. तुम्ही पडाल, रस्त्यावर फरफटत जाल, तेव्हा गुडघ्याचा कप गुडघ्यावरच राहणार आहे का? राहणार नसेल, तर तो कुठल्या कंपनीचा, किती हजारांचा, संरक्षणाची लेव्हल वन की टू, हे विचारून काही उपयोग नाही.

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः बाइक चालवते. माझ्याकडे लोक येतात ते प्लास्टर निघाल्यावर. गुडघा वाकत नसतो, हात डोक्यापर्यंत जात नसतो, मनगट फिरवताना डोळ्यांत पाणी येतं. यातले फार थोडे जण यवतेश्वरच्या घाटात किंवा हायवेवर पडलेले असतात. बहुतेक जण घराजवळच पडलेले, भाजी घेऊन परतताना, मुलीला क्लासला सोडताना, पावसात पेव्हर ब्लॉकवरून घसरून. व्यायाम चालू असताना घरचे हमखास विचारतात, ‘मॅडम, पुन्हा गाडी चालवणारच आहे हा, तर काय घेऊन देऊ?’ त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आर्मर कशासाठी, कापड कशासाठी

पडताना अंगाला दोन वेगळ्या इजा होतात. एक आपटण्याची आणि दुसरी घासण्याची. आपटण्याचा जोर मुख्यतः तुम्ही किती उंचीवरून खाली आलात त्यावर ठरतो. गाडी साठच्या वेगात असो की वीसच्या, खांदा जमिनीवर येतो तो सीटच्या उंचीवरूनच. म्हणून तर गल्लीत पडलेल्या माणसाचाही गुडघा फुटतो. वेगाचा हिशोब घासण्यात चुकता होतो. साठच्या वेगात पडलेला माणूस डांबरावरून बराच लांब घसरत जातो, आणि साधी जीन्स फार लवकर फाटते.

आपटण्यासाठी असतं ते आर्मर, म्हणजे खांदा, कोपर, पाठ, कंबरेची बाजू आणि गुडघा इथले कप आणि पॅड. घासण्यासाठी असतं ते कापड किंवा लेदर. ही दोन कामं वेगळी आहेत. दुकानदार जेव्हा ‘सीई जॅकेट आहे’ म्हणतो तेव्हा नीट विचारा, सीई, म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांची खूण, कशाला आहे? आतल्या पॅडला की अख्ख्या जॅकेटला? कित्येक जॅकेटांत पॅड उत्तम, प्रमाणित असतात आणि बाहेरचं कापड कुठल्याही कसोटीतून गेलेलं नसतं. अशा जॅकेटची शिवण उसवली की कप एकीकडे आणि कोपर दुसरीकडे.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष अपघात झालेल्या बाइकस्वारांचे कपडे तपासले होते. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. रायडिंगचे कपडे घातलेल्यांपैकी कमी जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं, आणि त्यांत आर्मर असेल तर इजाही कमी झाल्या, हा त्यातला चांगला भाग. पण त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेटं आणि चारातला एक हातमोजा अपघातात फाटून किंवा उसवून निकामी झालेला आढळला. माल बघताना मी आधी शिवण बघते ती यामुळेच. खांदा आणि कोपर इथली शिवण दुहेरी, शक्यतो तिहेरी हवी. आतून बोट फिरवलं की टाक्यांच्या ओळी मोजता येतात.

तिसरी एक गोष्ट आहे, आणि ती स्पष्ट सांगितलेली बरी. दुभाजक, विजेचा खांब, ट्रकचं चाक, यांच्यावर थेट आदळलं तर कुठलंही आर्मर पुरं पडत नाही. पाठीच्या पॅडबद्दलही लोकांच्या मनात जास्तीची आशा असते. पाठीवर थेट बसणारा मार, दगडाची टोकदार कड, बरगड्यांवरचा दणका, एवढं ते कमी करतं. मणका वाकून, पिळून किंवा डोक्याकडून दाबला जाऊन होणारी इजा त्याने थांबत नाही. कॉलरबोनचंही, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचंही, तसंच आहे. खांद्याच्या बाजूने आलेला दाब कप शोषून घेतो तेवढा घेतो, उरलेला त्या बारीक हाडात जातो. तरीही मी दोन्ही घालते, कारण जे वाचतं तेही कमी नाही.

लेबल कसं वाचायचं

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचं आहे. अंगावरच्या आर्मरची सक्ती नाही, त्यामुळे बाजारात काहीही ‘आर्मर’ म्हणून विकलं जातं. भारतीय कंपन्यासुद्धा चांगल्या मालावर युरोपीय प्रमाणपत्र घेतात, म्हणून तेच वाचायला शिकावं लागतं. अवघड काही नाही.

पॅड खिशातून बाहेर काढा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून काही घेऊ नका. खऱ्या पॅडवर बाइकस्वाराचं छोटं चित्र, बनवणाऱ्याचं नाव आणि प्रमाणाचा क्रमांक कोरलेला किंवा छापलेला असतो. खांदा, कोपर, कंबरेची बाजू आणि गुडघा यांच्यासाठी ‘ईएन १६२१-१’. पाठीसाठी ‘ईएन १६२१-२’, छातीसाठी ‘१६२१-३’, एअरबॅगसाठी ‘१६२१-४’. नुसती ‘सीई’ ही दोन अक्षरं असतील आणि क्रमांक नसेल, तर तो पॅड मी धरत नाही.

चित्राजवळ इंग्रजी अक्षर असतं. एस म्हणजे खांदा, ई म्हणजे कोपर, एच म्हणजे कंबरेची बाजू, के म्हणजे गुडघा, आणि के प्लस एल म्हणजे गुडघा आणि नडगी दोन्ही. पाठीच्या पॅडवर एफबी असेल तर पूर्ण पाठ, सीबी असेल तर फक्त मधला पट्टा. शिवाय टाइप ए म्हणजे लहान आकार, टाइप बी म्हणजे मोठा. किरकोळ बांध्याच्या माणसाला टाइप बी कधीकधी बोजड होतो आणि सरकतो. बाकीच्यांनी बी घ्यावा.

आता लेव्हल. चाचणीत पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पॅडवर टाकतात आणि पलीकडे किती जोर पोहोचला ते मोजतात. हातापायांच्या पॅडमध्ये लेव्हल वनला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोराचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) चालतं, लेव्हल टूला २० पर्यंत. पाठीसाठी कसोटी कडक आहे, लेव्हल वनला १८ आणि टूला ९. म्हणजे पाठीच्या पॅडमध्ये लेव्हल टू घेतलं तर पलीकडे पोहोचणाऱ्या माराची मर्यादाच निम्मी होते. फरक फार मोठा आहे. गुडघा आणि पाठ इथे शक्य असेल तर लेव्हल टूच घ्या. कोपर आणि खांद्याला लेव्हल वनवर भागवलं तरी मी रागावणार नाही.

लेबलावर ‘टी प्लस’ अशी खूण दिसते का तेही बघा. मऊ, रबरासारखे पॅड असतात, जे हाताला लवचीक लागतात आणि दणका बसला की कडक होतात, ते तापमानाप्रमाणे बदलतात. उन्हात जास्त मऊ पडतात, थंडीत ताठ होतात. नेहमीची चाचणी खोलीच्या तापमानाला होते. टी प्लस म्हणजे ४० अंशांनाही तो पॅड उत्तीर्ण झाला आहे, टी मायनस म्हणजे उणे १० अंशांना. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे गाडी चालवणाऱ्याने टी प्लस शोधलाच पाहिजे. लडाखला जाणाऱ्याने टी मायनस.

अख्ख्या जॅकेटसाठी वेगळं प्रमाण आहे, ‘ईएन १७०९२’. त्यात एएए सर्वांत वर, मग एए, मग ए. लांबच्या प्रवासाला एए उत्तम, शहरात आणि उन्हाळ्यात ए चालतं. बी म्हणजे ए-सारखंच कापड, पण आत पॅड नाहीत. सी म्हणजे नुसती पॅड धरून ठेवणारी जाळी, ती एकटी घालायची वस्तू नाही. आणि ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: या प्रमाणात पाठीचं आर्मर सक्तीचं नाही. म्हणून महागड्या जॅकेटच्याही पाठीच्या खिशात बऱ्याचदा नुसता फोमचा तुकडा असतो. हाताने दाबून बघा, उशीच्या फोमसारखा दबला तर तो जागा भरण्यापुरता आहे. खरा पॅड वेगळा विकत घ्यावा लागतो. कित्येक रायडिंग पँटमध्ये कंबरेच्या बाजूचे खिसेही असेच रिकामे सोडलेले असतात.

अंगावर बसतं का

लेबल पाच मिनिटांत वाचून होतं. खरा वेळ इथे द्यायचा. दुकानात जाण्याआधी घरी आरशासमोर उभं राहून स्वतःची हाडं शोधा.

खांदा: कॉलरबोनवरून बोट बाहेरच्या दिशेने सरकवत न्या. अगदी टोकाला एक चपटं, कडक हाड लागतं, त्यानंतर बोट दंडावर घसरतं. खांद्याच्या कपाचा मध्य त्या टोकावर आणि जरा बाहेरच्या बाजूला यायला हवा. कप वर मानेकडे चढलेला असेल तर जॅकेट लहान आहे, दंडावर उतरलेला असेल तर मोठं.

कोपर: हात वाकवा, टोक आपोआप पुढे येतं. हात सरळ असताना कप कुठे आहे याला किंमत नाही. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि मग ते टोक कपाच्या खोलगट भागात आहे का बघा. कपाचं खालचं शेपूट मनगटाच्या दिशेने हाताच्या बाहेरच्या कडेवर राहायला हवं, कारण पडताना कोपरापासून मनगटापर्यंतची तीच कड रस्त्याला लागते.

कंबरेची बाजू: इथे सगळे गोंधळतात. लोक पँटचा पट्टा जिथे बसतो तिथलं हाड दाखवतात. ते नाही. मांडीच्या वरच्या भागावर, बाहेरच्या बाजूला तळहात ठेवा आणि उभ्याउभ्या पाय टाचेवर आत-बाहेर फिरवा. तळहाताखाली एक गोल हाड फिरताना लागेल. तेच ते. बाजूवर पडलं की पहिला दणका त्याच्यावर येतो, आणि त्याच्या वरची मान, म्हणजे मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा अरुंद भाग, मोडली तर शस्त्रक्रिया बहुतेक ठरलेलीच. पँटमधला पॅड या हाडावर हवा. बऱ्याच पँटमध्ये तो चार बोटं वर असतो.

गुडघा: खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात. वाटी कपाच्या मधोमध यायला हवी. उभं राहिल्यावर कप थोडा खाली सरकलेला दिसतो, तो तसाच हवा. जो उभं राहिल्यावर अगदी बरोबर दिसतो तो गाडीवर बसल्यावर मांडीवर चढतो. चांगल्या पँटच्या खिशात वर-खाली करायला वेल्क्रो असतं, ते वापरा.

पाठ: मान पुढे झुकवा, मानेच्या मुळाशी सगळ्यात मोठा मणका हाताला लागतो. तिथून कंबरेच्या हाडांच्या वरच्या पातळीपर्यंत घरच्या कुणालातरी टेपने मोजायला सांगा. पाठीचे वेगळे पॅड या मापावरून मिळतात, छातीच्या मापावरून नाही. उंच माणसाला जॅकेटसोबत आलेला मधला पॅड कमरेपर्यंत पोहोचतच नाही.

आता दुकानात. जॅकेट घालून उभ्याने आरशात बघणं पुरेसं नाही, गाडीवर बसा. दुकानात गाडी नसेल तर बाहेर तुमची उभी आहे. चेन गळ्यापर्यंत लावा, सगळे पट्टे ओढा, हँडल धरा आणि मान दोन्हीकडे वळवा. मग दुसऱ्या हाताने बाहीचा कोपराजवळचा भाग पकडून हाताभोवती पिळायचा प्रयत्न करा. कप हाडावरून बाजूला गेला, तर रस्त्यावर तो नक्की जाणार. गुडघ्याला तसंच. हा प्रयोग मी प्रत्येकाला करायला लावते. निम्मी जॅकेटं इथेच बाद होतात.

बाद झाली म्हणून एक साइझ लहान घेण्याआधी दंडावरचे आणि कोपराखालचे पट्टे आवळून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच कप धरला जातो. रायडिंगचे कपडे घट्टच बसायला हवेत. ‘आत स्वेटर घालता आला पाहिजे’ म्हणून मोठं घेतात, आणि मग वर्षाचे दहा महिने कप लोंबत राहतात. थंडीसाठी आत पातळ थर्मल घाला.

जॅकेट आणि पँट यांना जोडणारी चेन असते. ती लावा. ती नसेल तर घसरताना जॅकेट काखेपर्यंत वर जातं आणि पाठीचा पॅड मानेत गोळा होतो.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. ‘युनिसेक्स’ म्हणून विकलं जाणारं जॅकेट आपल्या खांद्यांना मोठं आणि कमरेखाली आखूड होतं. खांद्याचे कप दंडावर उतरतात, आणि कंबरेत बसावं म्हणून लहान घेतलं तर छातीवर चेन लागत नाही. बायकांच्या कटाचं जॅकेट आता भारतीय कंपन्याही करतात, तेच मागा. छातीच्या पॅडमध्ये एकसंध आणि दोन तुकड्यांचा असे दोन प्रकार मिळतात. दोन तुकड्यांचा आपल्याला नीट बसतो. साडी नेसून स्कूटरवर जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या शिक्षिका वरून रायडिंग जॅकेट घालतात, हातमोजे आणि घोट्यावरचे बूट घालतात, आणि गुडघ्यांना वेगळे पट्ट्याचे नी-गार्ड साडीच्या आतून बांधतात. शाळेत पोहोचल्यावर दोन मिनिटांत काढून डिकीत. मला ही पद्धत पूर्ण मान्य आहे.

या पट्ट्याच्या नी-गार्डबद्दल थोडं. कोपर-गुडघे मिळून चार तुकड्यांचा कडक प्लास्टिकचा स्वस्त सेट सगळीकडे मिळतो. त्यात बहुतेक वेळा प्रमाणाचा क्रमांक नसतो आणि आतला फोम पातळ असतो. घ्यायचाच असेल तर क्रमांक असलेला घ्या, आणि पट्टे तीन हवेत: एक गुडघ्याच्या वर, एक लगेच खाली, एक पोटरीवर. दोन पट्ट्यांचा सेट पडल्यावर फिरतो. पट्टा कापडावरून बांधण्याऐवजी आत, अंगाजवळ बांधला तर कमी सरकतो.

हात आणि पाय

हातमोजे माझ्या यादीत पाठीच्या पॅडच्याही आधी येतात. पडताना माणूस हात पुढे टेकतोच, ते मेंदू विचारून करत नाही. तळहात टेकला की मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तुटू शकतं. त्याचा रक्तपुरवठा उलट्या बाजूने येत असल्याने ते जुळायला महिनोन्‌महिने लागतात, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसतही नाही. म्हणून तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर कडक, गुळगुळीत तुकडा असलेले मोजे घ्या. त्याला पाम स्लायडर म्हणतात. तो असला की हात रस्त्यात रुतण्याऐवजी सरकतो आणि मनगटावरचा झटका कमी होतो. प्रमाण ‘ईएन १३५९४’. मनगटाचा पट्टा आवळून दुसऱ्या हाताने मोजा बोटांकडून ओढा. निघून आला तर तो परत द्या.

बुटांचं प्रमाण ‘ईएन १३६३४’. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं झाकली गेली पाहिजेत आणि तळवा हातांनी पिळून पिळला जाता कामा नये. रायडिंग बूट परवडत नसतील तर घोट्यावर येणारे जाड लेदरचे सेफ्टी शूज मी चालवून घेते. लेस आत खोचा. चप्पल आणि सँडल घालून गाडीवर बसणाऱ्यांना मी दवाखान्यात बोटांचे व्यायाम शिकवते, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

ऊन, पाऊस आणि ‘एवढं कोण घालणार’

घातलं तरच उपयोग, म्हणून उकाड्याचा विचार आधीच करा. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून मोटोकॅप नावाची योजना कपड्यांना संरक्षणासोबत उष्णतेसाठीही वेगळे गुण देते, ते याच कारणाने. घामाने बेजार झालेला माणूस गाडी नीट चालवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जॅकेट घरी ठेवतो.

घाटमाथ्यावर आणि देशावर आठ महिने जाळीचं, म्हणजे मेश जॅकेट चालतं. घेताना जाळी छातीवर आणि पाठीवर असावी. खांदा, कोपर इथे जाळी नको, तिथे जाड कापडच हवं. एप्रिल-मे मध्ये आतला सुती टी-शर्ट ओला करून घाला, गाडी चालती असेपर्यंत चांगला गारवा राहतो. रोजच्या ऑफिसला जाणाऱ्याने आर्मर असलेली जाळीदार बंडी आत आणि वर जाड डेनिमचा शर्ट असं केलं तरी, नुसत्या शर्टापेक्षा पुष्कळ बरं. पण घसरण्यापासून संरक्षण त्यात कमी आहे, हे माहीत असू द्या.

कोकणात आणि महाबळेश्वरकडच्या पावसात जॅकेटच्या आतला वॉटरप्रूफ थर फारसा कामाचा नाही. बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, आणि मग ते लवकर वाळत नाही. वरून घालायचा साधा रेनसूट घ्या, उजळ रंगाचा, जॅकेटवरून चढेल एवढा मोठा. पॅड भिजले तर खिशातून काढून सावलीत वाळवा. धुताना साधा साबण, हाताने, मशीन नको. उन्हात किंवा बंद गाडीच्या काचेखाली ठेवले तर मऊ पॅड काही वर्षांत ठिसूळ होतात. दुमडून बघा, कडेला भेगा दिसल्या की बदला.

एअरबॅगची जॅकेटं आता आपल्याकडेही मिळतात. दोरीने गाडीला जोडलेली असते ती सोपी आणि तुलनेने स्वस्त. तुम्ही गाडीवरून फेकले गेलात की दोरी ओढली जाऊन हवा भरते. सेन्सरवाली लवकर फुगते. छाती, पाठ आणि मान यांना ती जे देते ते कुठलाच पॅड देत नाही. पण आधी बाकीचं सगळं अंगावर येऊ द्या.

पैसे थोडे असतील तर

हेल्मेट आहे असं धरते, आयएसआय खुणेचं, हनुवटी झाकणारं. त्यापुढे माझा क्रम असा. पहिले हातमोजे. मग गुडघ्यांना प्रमाणित नी-गार्ड. मग घोट्यावरचे बूट. मग खांदा-कोपराचं आर्मर असलेलं मेश जॅकेट. मग त्यात पाठीचा लेव्हल टू पॅड. सगळ्यात शेवटी रायडिंग पँट. बरेच जण जॅकेटपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, कारण जॅकेट दिसतं. बाइकवरून पडणाऱ्यांना सगळ्यात जास्त इजा पायांना होतात, आणि हात टेकल्याशिवाय तर कुणी पडतच नाही. जॅकेटचे पैसे जमेपर्यंत वर्षभर उघड्या गुडघ्यांनी फिरण्यात शहाणपणा नाही.

जुनं जॅकेट घ्यायला हरकत नाही, शिवण आणि चेन तपासून घ्या आणि आतले पॅड नवे टाका. जुनं हेल्मेट मात्र कुणाचंही घेऊ नका. ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची सोय आहे ना ते बघा, टॅग न काढता घरी गाडीवर बसून पिळण्याचा प्रयोग करा.

माझा भाचा मागे बसायचा तेव्हा म्हणायचा, ‘मावशी, मी थोडाच चालवतोय.’ मागच्या सीटवर धरायला हँडल नसतं आणि समोरचा खड्डा दिसत नाही. मागे बसणारा जास्त उंचावर बसतो, म्हणजे जास्त उंचीवरून पडतो. चालवणाऱ्याच्या अंगावर पंधरा हजारांचं जॅकेट आणि मागे बायको नुसत्या कुर्त्यात, हे मला बघवत नाही. तेच पैसे दोघांत वाटून दोघांनाही हातमोजे, नी-गार्ड आणि साधं मेश जॅकेट घ्या.

पडल्यानंतर

जॅकेट घातलेला माणूस पडला आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाला, किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर घाईने जॅकेट ओढून काढू नका. उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. पाठीचा पॅड आत असला तरी तो तसाच राहू द्या. अॅम्ब्युलन्स आली की त्यांना सांगा, आत पाठीला कडक पॅड आहे आणि चेन अमुक बाजूला आहे. दवाखान्यात जॅकेट कापावं लागेल म्हणाले तर कापू द्या. ज्या पॅडवर दणका बसला तो नंतर बाहेर काढून बघा. कडक कवच असेल आणि त्याला चीर गेली असेल तर तो टाकायचा. मऊ पॅड वरून चांगला दिसत असला तरी त्या एका जागेचा नवा घ्या, फक्त जुन्याचा टाइप आणि आकार दुकानात दाखवायला सोबत न्या, नाहीतर नवा त्या खिशात बसत नाही.